गाडीला मागून कोण ओढतंय?

जुन्या गाडीच्या ॲव्हरेजबद्दल आपल्याकडे दोनच मतं असतात. स्वतःच्या गाडीबद्दल, ‘अजून अठरा देते’. आणि दुसऱ्याच्या गाडीबद्दल, ‘शक्यच नाही’. अठराचे तेरा झाले की मात्र मालक थेट बॉनेट उघडतो. इंजिन म्हातारं झालं, पिऊ लागलं, असा निकाल आधी लागतो आणि पुरावे मागाहून शोधले जातात. प्लग बदलतात, फिल्टर बदलतो, शेवटी मिस्त्री बदलतो. माझं म्हणणं असं, की या खटल्यात इंजिन बहुतेक वेळा निर्दोष सुटायला हवं. गाडी जास्त पीत नसते. तिला कुणीतरी मागून धरून ठेवलेलं असतं, आणि धरणारा बहुधा गाडीतच बसलेला असतो. हे गॅरेजमध्ये उभं राहून पटण्यासारखं नाही, त्याला प्रवासच हवा. तेव्हा वीस वर्षांची, दोन लाख किलोमीटर झालेली, पेट्रोलवरची एखादी छोटी गाडी घेऊ आणि तिला कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली अशा वाटेने पुण्याहून पणजीला पाठवू. अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. चार माणसं आणि सामान धरून वजन हजार-अकराशे किलो.

पहिला ब्रेक गाडी सुरू होण्याआधीच, सोसायटीच्या पार्किंगमध्ये लागतो. चार दिवसांच्या गोव्यासाठी मराठी कुटुंब चादरी घेतं, कारण गोव्यात चादरी असतील याची खात्री कोण देणार? चादरींवर पाण्याचे कॅन, कॅनवर चिवड्या-लाडवांचे डबे, आणि डिकीचं झाकण बसेना म्हणून उरलेलं सगळं छपरावरच्या कॅरियरवर. इथे एक बारीक हिशेब आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या आकड्यांनुसार ४५ किलो जादा वजनामागे इंधन साधारण एक टक्का जास्त लागतं, पण छपरावर सामानाची पेटी असेल तर हायवेवर तोटा ६ ते १७ टक्क्यांपर्यंत जातो. म्हणजे चादरी डिकीत मावल्या तर माफ. डोक्यावर चढल्या तर त्या साडेचारशे किलोमीटर वाऱ्याशी भांडत येणार आणि भांडणाचा खर्च पंपावर भरावा लागणार. रिकामं कॅरियरसुद्धा हवा अडवतंच. पण ते काढा म्हटलं की उत्तर तयार असतं: बोल्ट गंजलेत. बोल्ट गंजले हे खरंच आहे, कारण कॅरियर ज्या सहलीसाठी बसवलं त्या सहलीतल्या पोरांची आता लग्नं झाली.

दुसरा ब्रेक चाकांत. चारही टायरांत सरासरी एक पीएसआय हवा कमी झाली की इंधन सुमारे ०.२ टक्के जास्त लागतं, असं तेच खातं सांगतं. तिसाच्या जागी वीस हवा असेल तर तोटा दोन टक्के. आता कुणी म्हणेल, दोन टक्क्यांनी काय होतं? साडेचारशे किलोमीटरच्या प्रवासात नऊ किलोमीटर होतात, तेही पंपावर फुकट मिळणाऱ्या हवेच्या अभावी. टायर तापून फुटण्याचा धोका वेगळाच. शिवाय हवा टायर थंड असताना तपासायची असते. खंबाटकी चढून आल्यावर तापलेल्या टायरात मोजलेली हवा नेहमीच भरपूर भरते आणि मालकाचं समाधान करते.

तिसरा ब्रेक म्हणजे खरोखरचाच ब्रेक. जुन्या गाडीत हँडब्रेकची केबल गंजून अर्धवट अडकते, ड्रममधले शू पूर्ण सुटत नाहीत, पुढच्या कॅलिपरचा पिस्टन मागे सरकत नाही. गाडी चालते, फक्त जरा जड लागते, आणि जड लागण्याला आपण वय हे नाव देतो. याची परीक्षा फुकट आहे. सपाट मोकळ्या रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर जावं, शेवटी ब्रेक जवळजवळ न लावता गाडी थांबू द्यावी आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात न्यावा. एकच चाक तापलेलं असेल तर पेट्रोल कुठे जातंय ते कळलं. हात जपून न्यावा. चोर पकडण्याच्या उत्साहात बोटं भाजतात.

आता हायवेला लागू. खेड शिवापूरच्या टोलनाक्यापर्यंतचा रस्ता हा आपल्या मुद्द्याचा मुख्य साक्षीदार, कारण इथे प्रत्येकाला पुढच्या गाडीच्या बंपरला चिकटून जायचं असतं आणि म्हणून प्रत्येकाला कचकन थांबावं लागतं. हजार किलोंची गाडी ताशी ८० च्या वेगात असते तेव्हा तिच्या गतीत जवळपास २४७ किलोज्यूल ऊर्जा साठलेली असते. एक लिटर पेट्रोलात सुमारे ३२ मेगाज्यूल. त्यातला पाचवा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो असं धरलं (बाकीचा रेडिएटरमधून आणि सायलेन्सरमधून वातावरणाला अर्पण होतो), तर हा वेग कमवायला ३८-३९ मिलिलिटर पेट्रोल लागलं. लिटरला शंभरच्या वर दर धरता हे झाले चार रुपये. ८० वरून शून्यावर आणणारा प्रत्येक ब्रेक हे चार रुपये डिस्क आणि ड्रम तापवण्यात खर्च करतो, आणि पुन्हा ८० गाठायला पुढचे चार रुपये लगेच टाकावे लागतात. उलट, नाका समोर दिसत असताना अर्धा किलोमीटर आधी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, तर तेच अंतर त्याच ऊर्जेवर निघतं आणि रांगेत शेवटून दुसऱ्याऐवजी शेवटचे येण्याचा अपमान तेवढा सोसावा लागतो. आणेवाडी, तासवडे, किणी असे नाके पुढेही आहेत, मधे सिग्नल आहेत, उड्डाणपुलांची कामं आहेत, रस्ता ओलांडणारी म्हैस आहे. लांबवर बघणाऱ्याला म्हैस आधी दिसते. बंपरकडे बघणाऱ्याला फक्त बंपर दिसतो आणि म्हैस चार रुपयांना पडते.

यावर आक्षेप ठरलेला आहे: असं चालवलं तर मागचे हॉर्न मारतात आणि मधल्या फटीत तिसराच घुसतो. घुसतो, खरं आहे. पण तो घुसल्यावर आपलं नुकसान एका गाडीच्या लांबीचं होतं. प्रतिष्ठेचं नुकसान होतं असं वाटतं ते पेट्रोलमध्ये मोजता येत नाही. वेगाचंही तसंच. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे ८० ऐवजी १०० ने गेलं की रोध दीडपटीहून जास्त. पुणे-कोल्हापूर २३० किलोमीटर धरले तर १०० च्या वेगाने कागदावर ३५ मिनिटं वाचतात. ती कऱ्हाडजवळ मिसळीची प्लेट यायची वाट बघण्यात जातात, कारण आपल्यासारखेच ३५ मिनिटं वाचवून आलेले सगळे तिथेच बसलेले असतात. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था तर ताशी ४५ ते ५५ चा वेग सुचवते. हायवेवर एवढ्या संयमाची अपेक्षा मी कुणाकडून करणार नाही. ७० ते ८० मध्ये डाव्या बाजूने एकसारखी चालणारी जुनी गाडी इंधनही वाचवते आणि शिव्याही कमी खाते.

इथे इंजिनाच्या विरोधकांना बोलू द्यायला हवं. दोन लाख किलोमीटरनंतर इंजिन झिजत नाही का? झिजतं. पण नीट देखभाल असेल तर दहा-पंधरा वर्षांच्या गाडीचं ॲव्हरेज फारसं पडत नाही, असा अमेरिकी मोजमापांचा निष्कर्ष आहे. इंजिन खरंच दोषी असण्याचे प्रकार मोजके आहेत. ऑक्सिजन सेन्सर गेला तर मिश्रणात पेट्रोल किती जातंय याचा संगणकाला पत्ताच राहत नाही, आणि असा गंभीर दोष काढल्यावर ॲव्हरेज ४० टक्क्यांपर्यंत सुधारू शकतं. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल, किंवा दुसरा बसवण्याऐवजी ‘आपल्याकडे उष्ण हवामान, कशाला हवा’ म्हणून कुणी काढूनच टाकला असेल, तर इंजिन तापायला वेळ लागतो आणि तोवर जास्त पेट्रोल घेतं. सायलेन्सरमधून निळसर धूर आणि घटतं ऑइल, तर पिस्टन रिंगांकडे किंवा व्हॉल्व्ह सीलकडे बघावं. एवढं सोडून आपण कुठे बघतो? एअर फिल्टरकडे, कारण तो सहज निघतो आणि हातात धरून दाखवता येतो. इंजेक्शनच्या गाडीत मळलेल्या फिल्टरने पिकअप कमी होतो, ॲव्हरेजला सहसा धक्का लागत नाही. तो कार्ब्युरेटरच्या काळातला आरोपी आहे. आणि पेट्रोलच्या नळीला बांधायची चुंबकं, टाकीत टाकायच्या गोळ्या? अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने इंधन वाचवणारी अशी शंभराहून जास्त साधनं तपासली. थोडाफार फायदा दिसला तो अगदी मोजक्यांत. तरी चुंबकवाल्याचं ॲव्हरेज वाढतं हे नाकारता येणार नाही. हजार रुपयांचं चुंबक फुकट गेलं असं ठरू नये म्हणून तो महिनाभर हळू चालवतो.

कोल्हापूरच्या आसपास या खटल्यात एक वेगळाच पक्षकार उभा राहतो: ऊस. गळिताच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढे डुलत असतो, मागे आपली गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये कण्हत असते, आणि टाकीतल्या पेट्रोलात २० टक्के इथेनॉल असतं, ज्याचा एक मोठा उगम हाच ऊस. म्हणजे समोरून अडवणारा आणि आतून ढकलणारा एकच. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे तिसऱ्या हिश्शाने कमी. २० टक्क्यांना ती तूट लावली की सहा-सात टक्के येतात. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानेही जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घटीचाच अंदाज दिला होता. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि रबरी नळ्या-सील जुने असतील तर ते तपासून घेणंही शहाणपणाचं. पण अठराचे सात टक्के म्हणजे सव्वा. तेराचा आकडा सांगणाऱ्याने उरलेले पावणेचार कुठे गेले तेही सांगावं. उसाने ते प्यायले नाहीत.

आंबोलीला पोचलो की गाडी समुद्रसपाटीपासून जवळजवळ ६९० मीटरवर असते आणि समोर सावंतवाडीपर्यंत उतार. इथे मराठी चालकाची काटकसर अंगात येते: गिअर काढायचा, न्यूट्रल, आणि सोडून द्यायची गाडी. गाडी फुकट चालली, असं त्याला वाटतं. खरं असं, की इंजेक्शनच्या गाडीत गिअरमध्ये राहून ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंजिनाला चाकंच फिरवतात आणि संगणक पेट्रोल तोडून टाकतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जिवंत ठेवायला पेट्रोल पाजावंच लागतं. म्हणजे काटकसरीने उतरणारा जास्त खर्च करतो. कार्ब्युरेटरची गाडी असेल तर हा हिशेब तितका पक्का नाही, हे कबूल. पण ब्रेकचा पुढचा हिशेब तिलाही लागू आहे. ६०० मीटर खाली येताना हजार किलोंची गाडी ५९ लाख ज्यूलच्या आसपास ऊर्जा सोडते. निम्मी टायरांच्या घर्षणात आणि हवेत गेली असं धरलं तरी उरलेल्या निम्मीत नऊ लिटर पाणी उकळेल. न्यूट्रलमध्ये हे सगळं आधण चार ब्रेकांवर चढतं, शंभराच्या आसपास कटिंगचं. ब्रेक इतके तापले की धरेनासे होतात, आणि इंजिनच बंद केलं असेल तर बूस्टरची मदत एक-दोन दाबांत संपते आणि स्टिअरिंगही जड होऊ शकतं. ज्या गिअरने घाट चढलो असतो त्याच गिअरने उतरावं, हे एसटीचे चालक सांगतात ते पेट्रोल वाचवण्यासाठी सांगत नाहीत, पण वाचतं.

पत्रादेवीची हद्द ओलांडली की महाराष्ट्राहून स्वस्त पेट्रोल लागतं, आणि पर्वरी येईपर्यंत सगळा सिद्धांत विसरून टाकी काठोकाठ भरली जाते. भरावी. बाकीचा हिशेब सोपा: तेरा देणारी गाडी साडेचारशे किलोमीटरला ३४-३५ लिटर घेते आणि सतरा देणारी २६-२७, फरक आठ लिटरचा, म्हणजे चौघांच्या मासळीच्या थाळीत बऱ्यापैकी हातभार. आता एक शेवटचा, जरा अडचणीचा मुद्दा. पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंचावर आहे. जाताना गाडी तेवढी खाली उतरते, येताना तेवढी चढते, आणि निव्वळ या चढाचं भाडं पाऊण ते एक लिटर होतं. शिवाय जाताना चादरी असतात, येताना चादरींवर काजू, कोकम, नारळ आणि मे महिना असेल तर कॅरियरवर दोरीने आवळलेला फणस. तरी सोसायटीत आकडा सांगितला जातो तो जातानाचा, आणि तोही पेट्रोलच्या काट्याकडे बघून काढलेला, जो काटा जुन्या गाडीत वळणावर एक आणि उतारावर दुसरंच सांगतो. खरा आकडा हवा तर पुण्यात ज्या पंपावर टाकी फुल केली त्याच पंपावर परतल्यावर पुन्हा फुल करावी, मधल्या पंपांचे सगळे लिटर मिळवावेत आणि गेल्या-आल्याच्या सगळ्या किलोमीटरना त्याने भागावं. इतकं करूनही कुणी अठरा सांगितले, तर फणस नेमका कुठे ठेवला होता तेवढं विचारून घ्यावं.