टाकीकाका

ज्या शहरात नळाला रोज पाणी येणं ही बातमी ठरते, तिथे अडीचशे लिटर पाणी माशांसाठी अडवून ठेवणारा माणूस कसा असेल? छत्रपती संभाजीनगरातल्या कुठल्याही कॉलनीत जा, तो भेटेल. सिडकोत आहे, गारखेड्यात आहे, उस्मानपुऱ्यात तर एकाच गल्लीत दोन आहेत आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. वय साठीच्या पुढचं. हॉलमध्ये चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच काचेची टाकी. तिच्यासाठी टीव्ही बेडरूममध्ये हलवलेला. पाहुणा सोफ्यावर टेकला की त्याला पाण्याआधी माहिती मिळते. आमच्या कॉलनीतल्या या गृहस्थांना सगळे टाकीकाका म्हणतात. घरावरच्या पाटीवर वेगळं नाव आहे, पण ते फक्त पोस्टमनला ठाऊक.

काकांना शांत मासे चालत नाहीत. गप्पी, मॉली, गोल्डफिश हे त्यांच्या मते नवशिक्यांचे आणि दवाखान्यांचे मासे. त्यांना हवेत तामसी स्वभावाचे: ऑस्कर, कन्विक्ट, टेक्सास, ग्रीन टेरर. जॅक डेम्प्सी तर विशेष लाडका, कारण त्याचं नाव १९१९ ते १९२६ या काळात हेवीवेट जगज्जेता असलेल्या अमेरिकन मुष्टियोद्ध्यावरून पडलंय, आणि ही हकीकत सांगताना काका खुर्चीवरून अर्धे उठतात. पण खरा छंद मासे पाळण्याचा नाही. कोणाला कोणाशेजारी ठेवायचं, हे ठरवण्याचा आहे.

त्यांची उभी नोकरी पाटबंधारे खात्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर गेली. हा कालवा २०८ किलोमीटरचा. वरच्या अंगाचा शेतकरी टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचू देत नाही, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं. त्यामुळे टाकीतला दादा मासा मोक्याचा कोपरा अडवून बाकीच्यांना का हुसकतो, हे त्यांना कुठल्या पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

रविवारी सकाळी काका माशांच्या दुकानात सापडतात. विकत काही घेत नाहीत. एखादा वाळूजच्या कंपनीत नुकता लागलेला मुलगा रंग बघून बोट दाखवत असतो, हे दोन द्या, ते चार द्या, तेवढ्यात मागून आवाज येतो.

"टाकी किती फुटी?"

"दोन, काका."

"आधी कोण कोण आहे?"

"आई, वडील, लहान भाऊ..."

"टाकीत, टाकीत!"

"चार एंजल."

"आणि टायगर बार्ब घेऊ राहिले? तेही दोनच?"

मग दहा मिनिटं शिकवणी. टायगर बार्बला लांब, संथ हलणारे पर दिसले की कुरतडल्याशिवाय राहवत नाही, आणि एंजलचे पर तर झुलतच असतात. बार्ब घ्यायचेच तर सहा-आठ घ्या. संख्या भरली की ते आपसात मानपान ठरवत बसतात, बाहेरच्याला त्रास कमी. "पक्षात अंतर्गत गटबाजी असली की विरोधक सुखी असतात, तसंच." पण एंजलशेजारी तरीही नको, आणि दोन फुटीत तर नकोच नको. मुलगा हातातली पिशवी परत ठेवतो. दुकानदार कपाळाला हात लावतो. "काका, धंदे का टैम है, आज नक्को." काका पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलेले असतात. पत्रिका बघणारे गुरुजी परवडले. ते निदान मंगळावर शांत सांगतात.

त्यांचा पहिला नियम कॉलनीतल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे: जो तोंडात मावतो तो सोबती नाही, नाश्ता. ऑस्कर दुकानात दोन इंचांचा, मोठ्या डोळ्यांचा, गरीब चेहऱ्याचा मिळतो. नीट खाऊ घातलं तर वर्ष-दीड वर्षात फूटभर होतो, आणि मग शेजारचे निऑन टेट्रा एकेक करून "कुठे गेले कुणास ठाऊक" होतात. एका वहिनींनी टाकीमागे, सोफ्याखाली, फिल्टरमध्ये शोधलं. काकांनी ऑस्करच्या पोटाकडे बोट दाखवलं. ऑस्करला सोबत सिल्व्हर डॉलरची द्यावी, हे त्यांचं मत. तोही अॅमेझॉनकडचाच, चपळ, आणि रुपयासारखा चपटा-गोल असल्याने घशात आडवा येणारा. पण त्याचाही घोळका लागतो, आणि घोळक्याला चार फुटी टाकीही अपुरीच, असं काका आपल्याच टाकीकडे बघत खालच्या आवाजात कबूल करतात.

बोअरचं पाणी हा त्यांचा अभिमानाचा विषय. दख्खनच्या काळ्या पाषाणातून आलेलं हे जड पाणी बादल्यांवर पांढरे डाग पाडतं, गिझर चोंदवतं. काकू त्याला रोज शिव्या देतात. काकांना मात्र त्यात आफ्रिकेतलं मलावी सरोवर दिसतं. तिथले निळे-पिवळे, खडकांत राहणारे एंबुना मासे अशाच जड, अल्कधर्मी पाण्यात वाढतात. ते महाभांडखोर. त्यांच्यासाठी काकांचा उपाय उलटा आहे: टाकीत गर्दी करा. चारच ठेवले तर त्यातला एक मार खाऊन मरतो; वीस ठेवले तर मार वाटून पडतो. फक्त फिल्टर दणकट हवा, कारण घाणही विसाची. या नियमावर काकू एवढंच म्हणतात की आपल्या लग्नानंतर एकत्र कुटुंबात राहिलो ते बरंच झालं म्हणायचं.

मध्यंतरी आमच्या सोसायटीत पार्किंगवरून हातघाई झाली. अध्यक्षांनी सभा घेतली, नोटिसा लावल्या, काही उपयोग झाला नाही. काकांनी टाकीचा नियम काढला. मासे फार भांडू लागले की सगळे बाहेर काढायचे, दगड, फांद्या, झाडं यांची जागा बदलायची आणि मग परत सोडायचे. सर्वांत दादा मासा शेवटी. आपली हद्द कुठली हे कोणालाच कळत नाही, म्हणून भांडण थांबतं. काकांनी एका रात्रीत वॉचमनकडून जुने पट्टे पुसून नवे मारून घेतले, कुंड्या हलवल्या, तुळशीवृंदावनसुद्धा दोन फूट सरकवलं. सकाळी माणसं किल्ल्या हातात घेऊन भांबावून उभी. सर्वांत मोठी गाडी असलेल्या गृहस्थांना काकांनी मुद्दाम शेवटी आत घेतलं. शांतता पंधरा दिवस टिकली. "टाकीतही साधारण तेवढीच टिकते," काका म्हणाले.

हा माणूस रागावतो फक्त दोन गोष्टींवर. एक वास्तू. आठ सोनेरी मासे नि एक काळा ठेवा, काळा मेला की घरावरचं संकट गेलं, असं सांगणाऱ्याला ते विचारतात, "आणि अमोनियाने मेला तर?" दुसरी गोष्ट सकर. काच चाटून साफ करतो म्हणून हा चिलखती मासा बोटाएवढा आणतात, तो फूटभर वाढला की टाकीत मावत नाही आणि पिशवीत घालून सलीम अली सरोवराकडे निघतात. अशा माणसाला काका रस्त्यात अडवतात. उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यात हाच सकर सापडतो, हे सांगतात. मग १९५२ साली भारतात आणलेली चिलापी निघते. ती या ऑस्कर, कन्विक्टचीच नातेवाईक, सिक्लिड कुळातली. आज धरणाधरणांत तिचं राज्य आहे. नको असलेला मासा दुकानात परत द्या, शेजाऱ्याला द्या, पण वाहत्या किंवा साठल्या पाण्यात सोडू नका. एवढं बोलताना त्यांच्या आवाजात विनोद नसतो, आणि मला वाटतं इथे ते शंभर टक्के बरोबर आहेत.

आता गंमत अशी की काकांच्या घराचा वरचा मजला भाड्याने द्यायचाय. रिकामा आहे. जे जे बघायला आले त्यांना त्यांनी टाकीसमोर बसवलं, चहा दिला आणि नापास केलं. एक जोडपं नवविवाहित होतं: "कन्विक्टची जोडी जमली की अख्खी टाकी एका कोपऱ्यात ढकलते." एक विद्यापीठातला संशोधक फारच गरीब होता: "पॅरट मासा आहे. तोंड नीट मिटत नाही, चावता येत नाही. याला कोणीही लुटेल." एक बँक मॅनेजर सगळं ठीक असून आरशात दोनदा बघताना सापडला, तो फ्लॉवरहॉर्न ठरला. हा १९९० च्या दशकात मलेशियात संकर करून घडवलेला, कपाळावर टेंगूळ मिरवणारा मासा काचेतल्या स्वतःच्या प्रतिबिंबावरही धावून जातो.

काकूंचं म्हणणं वेगळं. त्या म्हणतात, घरात कोणी कोणाला सोसत नाही, फक्त थर वेगळे आहेत: वरचा, मधला, तळाचा. त्या गच्चीत कुंड्यांपाशी, काका हॉलमध्ये, मुलगा पुण्यात. म्हणून बरं चाललंय.

तुम्हाला भांडकुदळ मासे ठेवायचे असतील तर काकांचा सल्ला जरूर घ्या. शहरात त्याहून चांगला फुकट मिळणार नाही. जाताना टाकीची लांबी-रुंदी मोजून न्या आणि आत आधी कोण आहे त्याची यादी न्या. फ्लॉवरहॉर्नला सोबत कोणती द्यावी, हे मात्र विचारू नका. उत्तर "कोणतीच नाही" एवढंच आहे, पण ते ऐकायला दुपार जाते.