वहिवाटदार

इंग्लंडमधल्या डर्बीशर परगण्यात पाऊस, मेंढ्या आणि हे गृहस्थ, तिघांनाही चुकवता येत नाही. वय सत्तरीच्या पुढे, पाय मात्र तिशीतले. पाठीवर थर्मास, गळ्यात प्लास्टिकच्या पाकिटातला ऑर्डनन्स सर्व्हेचा नकाशा आणि चेहऱ्यावर साऱ्या परगण्याचा सातबारा आपल्याच दप्तरात असल्याचा तलाठी भाव. नकाशा चार सेंटिमीटरला एक किलोमीटर या मापाचा, त्यात शेताचा गडगा न गडगा दाखवलेला. गृहस्थ तो स्वतःसाठी कधीच उघडत नाहीत. दुसऱ्याची वाट चुकली की मगच पाकिटाबाहेर काढतात.

त्यांना रस्ता विचारू नये. विचारलाच तर ते सोबत येतात. "जवळच आहे" म्हणजे साधारण चार मैल. टोपी उडून दरीत गेली की "आज जरा वारा आहे." मॅम टॉरच्या कुशीतून जाणारा मोठा रस्ता डोंगर सारखा घसरत राहिल्याने १९७९ साली कायमचा बंद करावा लागला. हे सांगताना त्यांचा चेहरा असा काही खुलतो की डोंगराला फितवणारे हेच असावेत. मोटारींचा एक रस्ता कमी झाला, एवढंच त्यांना त्यात दिसतं.

त्यांचा खरा जीव खाजगी शेतांतून जाणाऱ्या सार्वजनिक पायवाटांत. आपल्याकडे मामलेदार कचेरीत वहिवाटीचे दावे पिढ्यान्‌पिढ्या चालतात, तिथेही कायदा तोच सूर लावतो: लोक वीस वर्षं हक्काने, विनाअडथळा चालत आले असतील, तर सहसा ती वाट लोकांची. शेतकऱ्याने ती नांगरली तर पुन्हा करून द्यायची, आणि पिकातून किमान एक मीटर रुंद ठेवायची. गृहस्थांच्या काठीवर त्या एक मीटरची खूण आहे. उभ्या गव्हात ते काठी आडवी धरतात, वीतभर जागा कमी भरली की वही काढतात आणि संध्याकाळी कौन्सिलला पत्र घालतात. पत्राचा निम्मा भाग तसदीबद्दल दिलगिरीचा असतो.

चुनखडीच्या गडग्यांत जागोजागी दोन उभे दगड आणि मधे अरुंद फट असते. माणसाने तिरकं होऊन निघायचं, मेंढीने अलीकडेच राहायचं. गृहस्थ वजनकाटा वापरत नाहीत. नाताळानंतर त्या फटीत पोट अडलं की पुढचे पंधरा दिवस पुडिंग बंद. एकदा ते आत अडकले असताना पलीकडून एक मेंढी बराच वेळ बघत उभी होती. "तिला नियम ठाऊक आहे," ते तिथूनच म्हणाले.

त्यांच्यापुढे १९३२ साल काढायचं नाही. त्या वर्षी २४ एप्रिलला शेकडो कामकरी पोरं जमीनदारांच्या राखीव किंडर स्काउट पठारावर मुद्दाम घुसली. पुढे पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद झाली. १९५१ साली हाच मुलूख ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झाला. गृहस्थांचे आजोबा त्या चढाईत होते म्हणे. डर्बीशरमध्ये ज्यांचे ज्यांचे आजोबा त्यात होते ते सगळे खरोखर गेले असते, तर जमीनदारांना शरण येण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

असेन्शनच्या ख्रिस्ती सणाच्या सुमारास टिसिंग्टन गावातल्या विहिरी सजतात. ओल्या मातीने लिंपलेल्या फळीवर एकेक पाकळी दाबून बायबलमधले प्रसंग उभे करतात. गृहस्थ चित्र बघत नाहीत, वाकून पाकळ्या तपासतात: खालून वर लावल्यात ना, कौलांसारख्या एकीवर एक, म्हणजे पाऊस ओघळून जाईल?

आणि हाच माणूस अ‍ॅशबर्नचा श्रोव्हटाइड फुटबॉल आला की ओळखू येत नाही. दोन गोलांत तीन मैल अंतर, मैदान म्हणजे अख्खं गाव. हेन्मोर ओढ्याच्या ज्या अंगाला जन्म, तो तुमचा संघ. दुकानदार काचांवर फळ्या ठोकतात. चेंडूत बूच भरलेलं, कारण तो ओढ्यात जाणारच; गोल करायचा तर गिरणीच्या दगडावर तीनदा आपटायचा. फाटकाला धक्का लागला तरी "माफ करा" म्हणणारे गृहस्थ तिथे कमरेइतक्या गार पाण्यात उभे राहून सख्ख्या मेव्हण्याची कॉलर धरतात. मेव्हणा पलीकडच्या अंगाचा. बुधवारी रात्री खेळ संपला की दोघं एकाच टेबलावर बिअर पितात आणि मोडक्या फाटकांची यादी करतात.

असा माणूस सोबतीला दीड तासाच्या वर झेपत नाही, हे खरं. पण वाट कायद्याने राहते ती कागदावर. जमिनीवर ती राहते असल्या किरकिऱ्या माणसांच्या पायांनी. आपल्या गावच्या पाणंदी बुजल्या, तिथे असा एखादा असता तर आपण त्याला नक्कीच टाळलं असतं, आणि त्याच्यामागून चाललोही असतो.