नाण्यावर चित्र कोणाचं?

वऱ्हाडातल्या दर्यापूरच्या ख्रिस्ती माणसाला दोन मालक आहेत, असा सरकारचा जुना संशय आहे. एक आभाळात, दुसरा तहसिलीत. वरच्याचं ऐकता ऐकता खालच्याकडे दुर्लक्ष तर होत नाही ना, हे तपासायला दर पिढीत कोणीतरी येऊन जातं.

तपासायचंच असेल तर रविवारी उपासनेला जाऊन बसावं. तिथे राष्ट्रपतींपासून खालपर्यंत सगळ्या अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना होते. आपण उरलेले लोक आठवडाभर तलाठ्याच्या नावाने बोटं मोडतो, ही मंडळी त्याच्यासाठी डोळे मिटतात. तलाठ्याला दोन्हीचा पत्ता नसतो, ते सोडा.

बाकी नव्या करारात या प्रश्नावर दोन्ही बाजूंची सोय आहे. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात पौल सांगतो की अधिकारी देवानेच नेमलेले, तेव्हा त्यांच्या अधीन राहा. प्रेषितांच्या कृत्यांच्या पाचव्या अध्यायात पेत्र भर न्यायसभेत सांगतो की माणसांपेक्षा देवाचं ऐकणं भाग आहे. सरकारांना पौल आवडतो. पण अधीन राहा म्हणणारा हा पौल स्वतः किती वेळा कोठडीत गेला, हे कोणतंच सरकार वाचत नाही.

इंग्रजांच्या काळी चर्चमधले साहेबही पौलाच्याच बाजूचे. व्हेरियर एल्विन हा इंग्रज पाद्री आधी पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात होता, मग गांधींच्या नादी लागून मंडल्याच्या गोंडांत राहायला गेला. नागपूरचे बिशप वुड त्याला म्हणाले, पाद्रीपणाचा परवाना हवा तर आधी बादशहाशी राजनिष्ठेची शपथ घे. त्याने घेतली नाही, परवाना मिळाला नाही. म्हणजे देवाची सेवा करायला आधी पंचम जॉर्जची सही लागत होती. त्याच सुमारास, 1932 साली, कलकत्त्याच्या बिशप्स कॉलेजात शिकवणाऱ्या एस. के. जॉर्ज यांनी सत्याग्रहाची बाजू घेतली आणि नोकरी सोडली. हे केरळचे सीरियन ख्रिस्ती. नाव जॉर्ज, पण बादशहाच्या बाजूचे नव्हेत. नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग इंग्रज गेले. आता तरी राजनिष्ठेची उठाठेव संपली असं वाटावं, तर 1954 साली नागपूरच्या सरकारने मिशनऱ्यांच्या कामाच्या चौकशीसाठी नियोगी समिती नेमली. वऱ्हाड तेव्हा मध्य प्रदेशात होता, हे आजच्या पोरांना सांगितलं तर पटत नाही. निवृत्त न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी अध्यक्ष. समिती 14 जिल्हे फिरली, त्यात अमरावती आली, अकोलाही आलं. 77 केंद्रं झाली, 11,360 माणसांशी बोलणं झालं. शिवाय एक छापील प्रश्नावली. तिच्यात प्रश्न किती? 99.

प्रभूच्या दाखल्यातला मेंढपाळ 99 मेंढरं रानात सोडून एका हरवलेल्याच्या शोधात निघाला होता. सरकार 99 प्रश्न घेऊन निघालं.

1956 साली अहवाल आला. धर्मांतराने माणसाची देशावरची निष्ठा पातळ होण्याचा धोका आहे, परदेशी पैसा आणि परदेशी मिशनरी यांच्यावर नजर हवी, असा त्याचा सूर. या समितीचे एक सभासद वर्ध्याच्या कॉलेजातले प्राध्यापक होते. कोण? तेच एस. के. जॉर्ज. एका सरकारशी निष्ठा दाखवली नाही म्हणून ज्यांना नोकरी सोडावी लागली, त्यांना दुसऱ्या सरकारने निष्ठेच्या परीक्षेला परीक्षक म्हणून बसवलं. माणूस सच्चा होता, यात मला शंका नाही. पण योगायोगालाही विनोद कळतो.

समिती वऱ्हाडात परकी निष्ठा हुडकत होती तेव्हा दर्यापूरच्या स्टेशनातून शकुंतला रेल्वे धावत होती. मूर्तिजापूर ते अचलपूर. किलिक-निक्सन या इंग्रजी पेढीने ही लाइन उभी केली. देशाच्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा ही लाइन सुटली. गाडी सरकारची, रूळ कंपनीचे, आणि भाडं सरकार मुकाट कंपनीला देत राहिलं. तिला कोणी एक प्रश्नही विचारला नाही, 99 तर दूरच.

आता आजचं. दर्यापूर विधानसभा 2009 पासून अनुसूचित जातींसाठी राखीव. माझ्या ओळखीचे एक निवृत्त मास्तर आहेत, तिसऱ्या पिढीचे ख्रिस्ती. आजोबा ज्या वस्तीत जन्मले तिथलेच चुलत भाऊबंद आज या जागेवर उभे राहू शकतात. मास्तर फक्त मत देऊ शकतात. कारण 10 ऑगस्ट 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश. अनुसूचित जातीचा म्हणवायचं तर माणूस हिंदू हवा. 1956 साली शीख आत आले, 1990 साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दाराबाहेर. या दारावर विचार करायला 2022 साली न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा आयोग नेमला.

मग लोक काय करतात? रविवारी चर्चमध्ये, सोमवारी दाखल्यावर हिंदू. पुदुच्चेरीच्या एका बाईंनी हे केलं. सुप्रीम कोर्टाने 26 नोव्हेंबर 2024 रोजी, म्हणजे नेमकं संविधान दिनाला, सांगितलं की बाप्तिस्मा घेऊन, नियमाने चर्चला जाऊन केवळ सवलतीपुरतं हिंदू म्हणवणं ही संविधानाची फसवणूक. निकाल वाचला की वाटतं, बरोबरच आहे. मग मास्तरांची नात अर्ज भरायला बसते आणि गाडं अडतं.

देव म्हणतो, खरं बोल. सरकार म्हणतं, खरं लिही. इतकं एकमत नवरा-बायकोत नसतं. पण दोघांचंही ऐकलं की अनुसूचित जातीचा दाखला जातो. दोघांनाही फसवलं की तो कपाटात जपून राहतो. देव आणि सरकार यांच्यात ओढाताण होते यावर पाळक वर्षानुवर्षं प्रवचनं देतात. मास्तरांच्या घरात ओढाताण होते ती दोघांचं जुळतं तिथेच.

मी मास्तरांना एक तोड सुचवली. मुंबई उच्च न्यायालयाचा 23 सप्टेंबर 2014 चा निकाल आहे. येशूवर श्रद्धा आहे पण धर्म कोणताच मानत नाही, असं म्हणणारे तिघे राजपत्रात तशी नोंद करा म्हणून गेले. सरकारी छापखान्याने नकार दिला. कोर्ट म्हणालं, धर्म नाही असं सांगायची मोकळीक प्रत्येकाला आहे, सरकार कोणावर धर्म लादू शकत नाही. मास्तर, तुम्हीही रकान्यात ‘नाही’ लिहा की.

“म्हंजे पेत्रावानी? कोंबडा आरवायच्या आंधीच नाही म्हनू?” मास्तर हसले. “अन् लिवलं, तरी दाखला भेटते का?”

भेटत नाही. आदेशात तीनच धर्म आहेत, ‘नाही’ हा चौथा नाही.

परवा नातीचा अर्ज घेऊन ते झेरॉक्सच्या दुकानात उभे होते. धर्माच्या रकान्यात ‘ख्रिश्चन’, जातीच्या रकान्यात आडवी रेघ. अक्षर मास्तरांचंच, वळणदार. पैसे द्यायला खिशातून पाच रुपयांचं नाणं काढलं आणि तिथेच थांबले.

“प्रभूनं इचारलं होतं ना भाऊ, नान्यावर चित्र कोनाचं अन् लेख कोनाचा?”

मी वाकून पाहिलं. चित्र सिंहांचं होतं. खाली बारीक अक्षरात ‘सत्यमेव जयते’.

मास्तरांनी चष्मा वर सरकवून ते पुन्हा वाचलं आणि नाणं झेरॉक्सवाल्याच्या हातावर ठेवलं.