कपाळी उजेड

माझ्या कपाळात ट्रेकिंग लिहिलेलं नाही, हे मला तोंडावर फक्त आमची ही सांगते. बाकीचे आपापसांत बोलतात. पण साठी दिसू लागली, डॉक्टरांनी रोज थोडं चालायला सांगितलं आणि मी ते जरा जास्तच मनावर घेतलं. आता मुंबई-डोंबिवलीकडच्या ट्रेकवाल्यांची एक गंमत असते बघा. ज्या डोंगरावर दिवसाउजेडी सुखाने चढता येतं, त्यावर ते रात्री चढतात. शेवटची कसारा लोकल पकडायची, खिडकीशी पेंगायचं, मध्यरात्री बाहेरच्या जीपमध्ये एकमेकांच्या मांडीवर कोंबून घ्यायचं आणि सूर्य उगवायच्या आत माथा गाठायचा. आपण नसलो तर तो आल्या पावली परत जाईल अशी काहीतरी भीती त्यांना असावी. या सगळ्यासाठी कपाळाला दिवा बांधावा लागतो.

माझ्याकडे तसा एक होता. स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर घेतलेला, रिमोटला लागतात तसले तीन बारीक सेल खाणारा. सेलच्या झाकणाच्या जागी चिकटपट्टी होती आणि पट्ट्याचं इलॅस्टिक इतकं सैलावलं होतं की दिवा कपाळावरून नाकावर आणि नाकावरून गळ्यात उतरायचा, मग मी स्वतःच्या शर्टाची बटणं लख्ख उजेडात न्याहाळत चढायचो. लख्ख म्हणजे पहिली काही मिनिटं. नंतर उजेड पिवळा व्हायचा आणि शेवटी आमच्या घरच्या वरणाच्या रंगावर यायचा. सेल विकत आणणं मला उधळपट्टी वाटायची, म्हणून निघायच्या दिवशी संध्याकाळी टीव्हीच्या रिमोटमधले दोन आणि एसीच्या रिमोटमधला एक असे मी गुपचूप काढून घ्यायचो. त्यामुळे मी डोंगरावर असताना ही घरी एकाच चॅनलसमोर, सोळा डिग्रीत, गोधडी पांघरून बसलेली असायची.

नवा दिवा घेण्याची सूचना तिचीच.

"दीड हजार," ती म्हणाली. "त्याच्या वर एक रुपया नाही." पेट्झल, ब्लॅक डायमंड असल्या नावाजलेल्या परदेशी कंपन्यांच्या दिव्यांच्या किमती मी एकदा पाहिल्या आणि कपाळाला दिव्याऐवजी हात लावून घेतला. मग पुतण्याला फोन केला. मंदार इंजिनिअर आहे, म्हणजे साध्या प्रश्नाला तो साधं उत्तर देत नाही. "काका, तू आधी लुमेन समजून घे," तो म्हणाला आणि संध्याकाळी घरीच आला. दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो त्याचं माप म्हणजे लुमेन. त्याने आमच्या स्वयंपाकघरातल्या एलईडी दिव्याचा खोका शोधून काढला. ९ वॉटचा तो दिवा साधारण ९०० लुमेन देतो. म्हणजे डोंगरातल्या पायवाटेला दोनशे-तीनशे पुरे, तंबूत बसून थेपले खायला वीस-तीससुद्धा खूप. ऑनलाइन मात्र ३४९ रुपयांत एक लाख लुमेनचा हेडलॅम्प मिळत होता. मंदारने तिथल्या तिथे भागाकार केला: स्वयंपाकघरातले शंभराहून जास्त दिवे एकदम माझ्या कपाळावर. "एवढा उजेड खरा असता तर तुझ्या भुवया राहिल्या नसत्या काका. असलं काही मागवू नकोस."

मी तो सकाळीच मागवला होता.

आला तेव्हा दिसायला झकास होता. तीन डोळ्यांचा, मागे बॅटरीचा डबा, डब्यात बोटापेक्षा जाड गोल बॅटरी. या बॅटरीला १८६५० म्हणतात, म्हणजे १८ मिलिमीटर जाडी आणि ६५ मिलिमीटर लांबी. तिच्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं ९९०० एमएएच. मंदार हसला. या मापाच्या बॅटरीत चांगल्यातल्या चांगल्या कंपन्यांना साडेतीन हजारांच्या आसपासच क्षमता बसवता येते, त्यापुढचे आकडे फक्त कागदी वेष्टनावर मावतात. मग त्याने ही केकचा मैदा मोजते तो डिजिटल काटा मागितला. चांगली १८६५० बॅटरी पंचेचाळीस ग्रॅमच्या आगेमागे भरते. आमची बॅटरी काट्यावर ठेवली, आकडा थरथरला आणि चोविसावर थांबला. "काटा बिघडलाय का?" मी आशेने विचारलं. हिने शांतपणे त्याच काट्यावर एक लिंबू ठेवलं आणि त्याचं वजन मला वाचायला लावलं. काटा बिघडलेला नव्हता.

त्यानंतर मात्र मी अभ्यासाला लागलो. बँकेतल्या माणसाला अभ्यास म्हणजे खालची बारीक अक्षरं वाचणं, ते मला जमतं. हातातल्या आणि कपाळावरच्या दिव्यांसाठी अमेरिकेत २००९ साली एफएल-१ नावाचं एक मानक निघालं, आणि बऱ्या कंपन्या खोक्यावर त्याप्रमाणे आकडे छापतात. त्यात दिवा चाळीस तास चालतो म्हणजे काय, तर सुरुवातीच्या उजेडाच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंत तो चालतो. तोवर मिणमिणला तरी चालू धरायचा. हे वाचून मला फार बरं वाटलं. या हिशेबाने मी बँकेत आजतागायत अखंड प्रकाशतो आहे.

झोताच्या अंतराचंही तसंच. खोक्यावर १०० मीटर लिहिलं असेल तर शंभर मीटरवर गेल्यावर उजेड पाव लक्स उरतो, म्हणजे साधारण निरभ्र पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. शिवाय हे अंतर दुप्पट हवं असेल तर झोताची तीव्रता दुप्पट करून भागत नाही, चौपट करावी लागते. मी हे सगळं हिला कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत समजावून सांगत होतो. "म्हणजे एवढे पैसे घालून शेवटी चांदण्याएवढंच दिसणार?" तिने गॅस बारीक करत विचारलं.

"हो, पण शंभर मीटरवर."

"मग पौर्णिमेलाच जा ना. फुकट आहे."

पाण्याच्या प्रकरणातही असंच झालं. दिव्यावर आयपीएक्स-४ असेल तर कुठूनही शिंतोडे उडाले तरी त्याला काही होत नाही, आयपीएक्स-७ असेल तर एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी तगतो. माझा जीव अर्थातच सातावर होता. सह्याद्रीतला पाऊस, ओढे, काय सांगावं. "अहो," ही म्हणाली, "तुम्ही अर्धा तास पाण्याखाली असाल, तर तो चालू राहून कुणाला काय दाखवणार आहे?"

आयपीएक्स-४ घेतला.

किंमत १४४९ रुपये. चारशे लुमेन, खरी वजनदार बॅटरी, मोबाइलच्या चार्जरवर चार्ज होणारा, लाल दिवाही असलेला. शिवाय सेन्सर: दिव्यासमोर नुसता हात हलवला की बंद, पुन्हा हलवला की चालू. वाचलेल्या ५१ रुपयांचं मी दोन दिवस फार कौतुक सांगितलं, तेव्हा आधीचे ३४९ कुठल्या खात्यात धरलेत असं तिने विचारलं. बँकेत असा प्रश्न मला आजवर कुठल्या ऑडिटरने विचारलेला नाही.

चाचणीसाठी मी रात्री सोसायटीच्या गच्चीवर गेलो. अंधाराला डोळे पुरते सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाने ती कमाई क्षणात जाते, लाल उजेडाने त्यामानाने कमी, असं मी वाचलं होतं. म्हणून पाण्याच्या टाकीमागे अंधारात अर्धा तास डास मारत बसलो आणि मग लाल दिव्याचं बटण दाबलं. तो लुकलुकू लागला. पुन्हा दाबलं तर पांढरा झोत, मग मंद पांढरा, मग डोळ्यांसमोर काजवे चमकवणारा फ्लॅश, मग लाल, मग पुन्हा लाल लुकलुक. बंद हा प्रकार या फेरीत कुठे येतो ते मला सापडेना. (बटण दाबून धरायचं असतं. हे माहितीपत्रकात होतं, पण माहितीपत्रक वाचायला उजेड हवा म्हणून मी ते खालीच ठेवलं होतं.) शेवटी दिवा लुंगीत गुंडाळून खाली आलो. सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर हलकल्लोळ होता: गच्चीवर लाल दिवा लुकलुकताना दोन विंगमधून दिसला, कमिटी कुणाला न विचारता मोबाइलचा टॉवर बसवते आहे, रेडिएशनचं काय, लहान मुलांचं काय. दुपारपर्यंत निषेधाचं पत्र घरोघर फिरलं.

मीही सही केली.

आणि मग सप्टेंबरात कळसूबाई. महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर, आणि पायथ्याला बारी गाव. आमची लीडर सायली नावाची मुलगी होती, माझ्या निम्म्याहून कमी वयाची. तिने पहिली सूचना सर्वांना दिली आणि पुढच्या सगळ्या मला एकट्याला. "काका, बोलताना डोकं खाली." आता आमच्या लहानपणी समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलावं असा संस्कार होता आणि मी तो चारशे लुमेननिशी पाळत होतो. कुणी हाक मारली की मी वळून प्रेमाने बघायचो आणि तो माणूस डोळ्यांवर हात घेऊन वाट चाचपायला लागायचा. गाव मागे पडेपर्यंत माझ्याशी बोलणारं कुणी उरलं नाही. बोलायला कुणी नाही म्हटल्यावर मी नुसताच धापा टाकत, तोंड उघडं ठेवून चढू लागलो. पण कपाळावर दिवा असला की आसपासचे झाडून सगळे पतंग आणि किडे तिकडेच झेपावतात, आणि कपाळ व तोंड यांत अंतर ते किती. मी शाकाहारी आहे. म्हणजे, बारी गावापर्यंत होतो.

निम्म्या वाटेवर धुकं उतरलं. कपाळावरचा उजेड धुक्याच्या कणांवर आपटून थेट डोळ्यांत परत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. जितका दिवा जोरदार, तितकी भिंत पक्की. अशा वेळी दिवा खाली, कमरेजवळ धरावा, म्हणजे परतणारा उजेड डोळ्यांत येत नाही आणि दगडांच्या सावल्याही नीट पडतात. सायलीने हे सांगितल्याबरोबर सगळ्यांनी दिवे कमरेला बांधले आणि झपझप पुढे निघाले. मीही बांधला. माझा झोत आडवा, सरळ पुढच्या माणसाच्या पाठीवर. खाली वळवला तर उजेड शर्टावरच अडायचा. पायांपाशी मिट्ट काळोख. दिवा आणि माझे पाय यांच्या मध्ये मीच येत होतो.

लोखंडी शिड्यांपाशी पोचलो तेव्हा धुकं विरळ झालं होतं. दिवा पुन्हा कपाळावर गेला. आणि तिथे सेन्सरने आपलं काम सुरू केलं. घामाने चष्मा घसरे, मी तो वर सरकवी, हात दिव्यासमोरून जाई, दिवा बंद. अंधारात दचकून मी कपाळ पुसे, दिवा चालू. मागच्या पोरांना यात चाळीतल्या लोडशेडिंगची मजा येऊ लागली, "गेली!" असं एक जण ओरडे आणि "आली!" असं बाकीचे. सेन्सर बंद करायला बाजूला वेगळं छोटं बटण होतं. ते मी शोभेचं समजत होतो.

अशाच एका "आली!"च्या वेळी मी चुकून डावीकडे पाहिलं.

जुन्या दिव्याने मला कधी दरी दाखवली नव्हती. त्याचा उजेड दोन पावलांपुढे जायचा नाही, त्यामुळे माझ्या मते सह्याद्री हा दोन पावलांचा, बराचसा सपाट प्रदेश होता. नव्याने कठड्यापलीकडचा कातळ दाखवला, कातळाखालचं गवत दाखवलं, गवताखाली आणखी कातळ, आणि त्याखाली जिथे झोत पोचत नव्हता तिथेही अजून काहीतरी आहे हे दाखवलं. माझे गुडघे त्या जागी वितळले. मागे पोरं खोळंबली. शेवटी सायलीने शिडीवरच पिशवी उघडायला मदत केली आणि राखीव म्हणून आणलेला जुना दिवा काढून दिला. त्यात सेल होते. त्या क्षणी डोंबिवलीत ही गोधडी पांघरून बसली असणार, हे माझ्या मनात येऊन गेलं, पण इलाज नव्हता. दीड हजाराचा दिवा पिशवीत टाकला, जुना गळ्यात आला, त्याने माझ्या शर्टाची बटणं उजळली आणि मी तरातरा शिड्या चढलो.

वर सूर्योदय झाला. छान होता. देवीच्या छोट्या देवळाबाहेर वारा असा सुटला होता की टोपी धरावी की नमस्कार करावा कळेना. खाली भंडारदऱ्याचं पाणी चमकत होतं, पलीकडे अलंग, मदन, कुलंग ओळीने उभे होते. मी चहा घेतला आणि एका माणसाला नव्या दिव्याची वैशिष्ट्यंही सांगितली.

मग उतरायची वेळ आली. तोवर ऊन स्वच्छ पडलं होतं आणि सूर्याला ना मंद मोड, ना बंद करायचं बटण. शिडीच्या वरच्या टोकाला उभा राहिलो, तर पाताळापर्यंत सगळं दिसत होतं. मी कठडा दोन्ही हातांनी आवळला, डोळे गच्च मिटले आणि पायाने खालची पायरी चाचपू लागलो.

"काका, डोळे उघडा!" सायली खालून ओरडली. "अहो, तुम्हाला काही दिसत नाहीये!"

"म्हणून तर उतरतोय," मी म्हटलं.