कुलपाची मात्रा

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या कट्ट्यावर परवा सेवउसळ खाता खाता जुनाच विषय निघाला: साथ आली तर विद्यापीठ बंद करावं की नाही? मी म्हटलं, त्यात चर्चा कसली? विद्यापीठ बंद करायला एक परिपत्रक आणि एक कुलूप पुरतं. इस्पितळात खाटा वाढवायच्या तर पैसे लागतात, आणि सभा बंद करायच्या तर छाती लागते. सरकारच्या बटव्यात कुलपाइतकी स्वस्त मात्रा दुसरी नाही.

कोविड आला त्या मार्च २०२० बद्दल माझी तक्रार नाही. तेव्हा कोणालाच काही उमगत नव्हतं. १६ तारखेपासून गुजरातेतल्या शाळा-कॉलेजं बंद झाली, ठीकच झालं. वसतिगृहात एका खोलीत तिघंतिघं, जेवायला एकच मेस. रोगाला आणखी काय आमंत्रण हवं? माझं भांडण आहे ते २०२१ शी.

त्या वर्षी विषाणू भलताच समंजस झाला होता. त्याला पंचांग कळायचं. २१ फेब्रुवारीला महापालिकेचं मतदान, म्हणून तोवर त्यानं कॉलेजाबाहेर दम धरला. १४ तारखेला निझामपुऱ्यातल्या प्रचारसभेत मुख्यमंत्री विजय रूपाणी बोलता बोलता भोवळ येऊन व्यासपीठावरच कोसळले. दुसऱ्या दिवशी त्यांची कोविड चाचणी पॉझिटिव्ह आली. आजारी माणसाला हसू नये, आम्ही हसलोही नाही. पण मतदान ठरल्या दिवशीच झालं आणि ७६ पैकी ६९ जागा भाजपच्या पदरात पडल्या. मग अहमदाबादेत मोटेऱ्यात इंग्लंडशी टी-ट्वेंटी. १२ आणि १४ मार्चला लाखाहून जास्त माणसांचं स्टेडियम निम्मं भरायला मुभा होती. निम्मे म्हणजे किती, ते तुम्हीच मोजा. पुढच्या सामन्यांना प्रेक्षक नकोत हे शहाणपण त्यानंतरचं. आणि १८ मार्चला सरकारला एकदाचं रोगाचं मूळ सापडलं: वर्ग! बडोद्यासकट आठ महापालिकांच्या हद्दीत १० एप्रिलपर्यंत शाळा-कॉलेजं पुन्हा बंद.

माझी पुतणी तेव्हा एका कॉलेजात शिल्पकला शिकत होती. ओल्या फडक्यात गुंडाळलेलं तिचं मातीचं डोकं स्टुडिओतच राहिलं आणि वर्ग घरी आला. वहिनींच्या कणकेच्या परातीत माती, तेलाच्या बरणीला टेकवलेला मोबाइल, आणि मोबाइलमधून सर म्हणताहेत, "जरा फिरवून दाखव." तिनं परात फिरवली. सर गोठले. बऱ्याच वेळानं हलले ते "अगं, म्यूट काढ" म्हणत. मागून वहिनी, "आणि मी पोळ्या कशात करू?"

मी भाबडेपणानं विचारलं, "हे भाजणार कुठे?"

"कुकर आहे ना काका. तीन शिट्ट्या."

आणि बंद काय केलं, तर त्यात वास्तुविशारद रॉबर्ट चिझमच्या घुमटाची विद्यापीठाची ती इमारतही आली. उंच छत, रुंद व्हरांडे, कबुतरांनाही मोकळं वाटावं इतकी हवा. १८८१ साली सुरू झालेल्या बडोदा कॉलेजची ती वास्तू. शहरातल्या कुठल्याही मंगल कार्यालयापेक्षा तिथे श्वास घेणं सोपं. पण मंगल कार्यालयात वरमाय असते, वरमायशी कोण वैर घेणार? विद्यार्थी काय, फार तर घोषणा देतील, त्यासुद्धा ऑनलाइन.

साथीत दुसरं काय करता येतं, तेही बघा. शहराजवळ उंढेरा नावाचं गाव होतं. १८९८ मध्ये प्लेगच्या दिवसांत हाफकिन या शास्त्रज्ञानं आपली लस तिथे जोखून पाहिली होती. घरोघरी निम्म्या माणसांना टोचली, निम्म्यांना नाही, आणि मग कोण आजारी पडतं, कोण वाचतं ते मोजलं. सव्वाशे वर्षांपूर्वी या मुलखात साथीत मोजमाप होत होतं, हे आमच्या कट्ट्यावर कोणाला खरंही वाटेना. २०२१ मध्ये वर्गातून किती जण आजारी पडले, सभांतून किती आणि स्टेडियममधून किती, असा शेजारी-शेजारी मांडलेला हिशेब माझ्या तरी वाचनात आलेला नाही. मोजल्याशिवाय दिलेल्या मात्रेला आमच्या आजी अंगारा म्हणायच्या.

तेव्हा पुढच्या साथीत विद्यापीठ जरूर बंद करा, साहेब. फक्त ते कुलूप आधी सभेच्या मांडवाला लावून बघा. तिथे बसलं तर आमच्या फाटकाला आम्हीच लावू, किल्लीही तुम्हालाच देऊ.