वहिवाटीची खुर्ची

गिरगावातल्या आमच्या चाळीतील नानांनी कलेक्टर कचेरीच्या जमीन दप्तरात उभी हयात घालवली असल्यामुळे, जमीन असो वा सिनेमाची खुर्ची, चतुःसीमा पाहिल्याखेरीज कब्जा घ्यायचा नाही हा त्यांचा दंडक होता. आणि म्हणून साडेसहाच्या खेळाला ते पाचाच्या ठोक्यालाच तिकिटाच्या खिडकीशी रुजू होऊन, क्लार्कच्या पुढ्यातला खुर्च्यांचा नकाशा उलट्या बाजूने वाचीत, निळ्या पेन्सिलीने अद्याप न खोडलेल्या चौकोनांची मोजणी करीत.

आत शिरल्यावर डोअरकीपरच्या बॅटरीवर त्यांची भिस्त नसे. खुर्चीशी उभे राहून ते मला पंचनामा ऐकवीत : "मागे गुडघे हलवणारा इसम, डावीकडे जुनाट खोकला, उजवीकडे चण्याची पुडी, पुढे बाईंचा अंबाडा आणि वर गजरा, म्हणजे अतिक्रमण दुमजली!" मग न्यूजरीलमध्ये पंडित नेहरू एखाद्या धरणाचे उद्‌घाटन करीत असताना नाना अंधारात दोन वेळा स्थलांतर करीत, आणि नव्या जागेचा मूळ मालक तिकीट घेऊन अवतरला की तितक्याच वेळा, लोकांच्या पायांवरून, स्वगृही परतत.

त्यामुळे नानांनी चित्रपट किती पाहिले हा प्रश्न वादग्रस्त असला, तरी चित्रपटगृहे त्यांना तळहातासारखी ठाऊक होती. 1931 साली मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला, पडद्यावरची माणसे बोलतात हे ऐकून लोटलेली गर्दी आवरायला पोलीस आणावे लागले, त्या गर्दीतून नानाही आत पोचले होते. पण पुढ्यात एका पारशी गृहस्थाची उंच पगडी आल्याने आपला पहिला बोलपट त्यांनी ऐकला पुरा, पाहिला मात्र मुळीच नाही. धोबीतलावच्या मेट्रोतल्या खुर्च्या 'मऊ, सबब झोप येते' म्हणून नामंजूर होत्या. 1960 साली मराठा मंदिरात 'मुघल-ए-आझम' पाहून आल्यावर साऱ्या चाळीने त्यांना गराडा घातला, तेव्हा सलीम-अनारकलीचे पुढे काय झाले हे कोणाला कळले नाही; बाल्कनीचा उतार निर्दोष आहे, एवढाच दाखला मिळाला. प्रत्येक तिकिटाचे अर्धुक ते ओव्हलटीनच्या डब्यात जपत आणि पाठीमागे बारीक अक्षरात शेरा मारीत : 'हात टेकावयाची दांडी सैल. तक्रार नोंदविली.'

एका रविवारी प्रभातचा 'संत तुकाराम', जो 1936 साली लागला तेव्हा मुंबईत 57 आठवडे हलला नव्हता, मॅटिनीला पुन्हा लागला, आणि मी नानांना घेऊन गेलो. पोचायला उशीर झाल्याने नकाशा पाहायला अवधी नव्हता. मिळाली ती खुर्ची एका धिप्पाड पहिलवानाच्या मागची. नाना कण्हले, मान तिरपी करून बसले, आणि नवल म्हणजे जागचे हलले नाहीत. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा गाऊ लागले तसतशी ती तिरपी मान हळूहळू डोलू लागली. अखेर वैकुंठाचे विमान आकाशात चढले, तेव्हा मी पाहिले तो नाना उपरण्याने डोळे टिपीत होते.

बाहेर आल्यावर मी हळूच विचारले, "कसा वाटला?"

नाना बराच वेळ बोलले नाहीत. मग सद्‌गदित स्वरात म्हणाले, "जागा मिळावी तर तुकोबांसारखी! समोर एका माणसाचे डोके नाही."