काहीतरी वेगळं

भाऊकाकांना काहीही दाखवा, ते आधी "वा!" म्हणतात आणि मग चष्मा शोधतात. पाटबंधारे खात्यात ३६ वर्षं दुसऱ्यांच्या फायलींवर शेरे मारले, त्याचं प्रायश्चित्त असेल. पण निवृत्तीनंतर त्यांनी नावं ठेवणंच सोडलं. सोसायटीतल्या पोराचं गिटार, तळमजल्यावरच्यांचा पहिलावहिला केक (तो कापायला सुरीनंतर पक्कड आणावी लागली), माझी दिवाळी अंकातली कविता, सगळ्यांना दाद एकच: "वा! काहीतरी वेगळं केलंय!" त्या दादेवर मी दोन दिवाळ्या काढल्या.

म्हणून पुतणीनं आपलं पहिलं हिवाळी कलेक्शन आधी काकांनाच दाखवायचं ठरवलं. खारघरला फॅशनचं शिकून आलेली पोर, अजून नाव व्हायचंय. अशा वेळी भाऊकाका लागतातच. मुहूर्त ऑक्टोबरातला, दुपारी तीनचा. पंखा पाचवर. एरवीही पुण्यात पारा १.७ अंशांवर उतरला तो १९३५ साली. आता इथली थंडी म्हणजे मुख्यतः स्वेटर घालायची हौस.

"थंडीचे कपडे आधीच दाखवतात, काका," ती म्हणाली. मुंबईत हिवाळी फॅशन वीक कित्येक वर्षं ऑगस्टात, भर पावसात भरायचा, आणि पॅरिसवाले तर पुढच्या थंडीचे कपडे फेब्रुवारी-मार्चमध्येच दाखवून मोकळे होतात.

"वा! आमच्या खात्यात मार्चमध्ये मागच्या वर्षीचं उरकलं तरी पेढे वाटायचे."

पहिला आला स्वेटर. डावी बाही कोपरापाशी संपलेली, तिथे दोन्ही सुया तशाच अडकवलेल्या आणि लोकरीचा गुंडा खिशात. असा एक स्वेटर आपल्याकडे घरोघरी असतो. ज्या बाळासाठी विणायला घेतला ते बाळ आता घराचे हप्ते फेडत असतं. "वा!" काका म्हणाले. काकू चहा टाकायला आत गेल्या.

मग मफलर. त्याच्या एका टोकाला शेंगांसाठी खिसा, दुसऱ्या टोकाला टरफलांसाठी. मग सोलापुरी चादरीचं जाकीट, पाठभर मोर. आणि मग कोल्हापुरी चपलेच्या आकाराची कानटोपी, अंगठा बरोबर कपाळावर. ही मात्र मला झेपेना. पुतणीनं समजावलं, की एल्सा स्कियापरेली नावाच्या बाईंनी पॅरिसमध्ये १९३७ साली उलट्या बुटाची टोपी केली होती, टाच आभाळाकडे; कल्पना चित्रकार दालीची.

"वा! म्हणजे ही दाराबाहेर काढायची, की घालून आत यायचं?" काकांनी विचारलं. चेष्टेत नाही, अगदी मनापासून.

शेवटी तिनं काळ्या घोंगड्याचा कोट काढला. काकांचा "वा" अर्ध्यावरच राहिला. काका मूळचे माणदेशातले, हे आम्ही विसरलोच होतो. चष्मा त्यांनी शोधलाच नाही. कोटाची कड दोन बोटांत धरून चोळली, नाकाशी नेली.

"खळ कुठं गेली?"

घोंगड्याच्या सुताला चिंचोक्याची खळ देतात. धागा ताठ होतो, मागावर तुटत नाही. पुतणीनं घोंगडं चांगलं तीनदा धुऊन मऊ केलं होतं.

"टोचतं हो काका, गिऱ्हाइकाला."

"टोचणारच! मेंढराची लोकर आहे, सशाची नव्हं. आणि कापलंस व्हय? घोंगड्याला कात्री?"

निवृत्तीनंतर इतकं वाईट ते कुणाशीच बोलले नव्हते. पोरीचा चेहरा उतरला. पण काकांना त्याचं भान कुठलं? कोपऱ्यात न कापलेलं एक घोंगडं पडलं होतं, ते त्यांनी उचललं, झटकलं, एक कोपरा दुसऱ्यात सारला आणि डोक्यावरून सोडलं. झाली खोळ! ना टाका, ना बटण. अशी खोळ घेऊन धनगर भर पावसात दिवसभर मेंढरांमागं उभा राहतो. काका तसेच उभे राहिले, हातात काठी असल्यासारखे, आणि घोंगड्याच्या आतून त्यांना घामाच्या धारा लागल्या.

पुतणीनं तोंडातल्या टाचण्या काढल्या. "काका, पुन्हा एकदा. हळू."

काकांनी चारदा करून दाखवलं. दर खेपेला तिला एकेक चूक सांगितली. तिनं ती वहीत उतरवून घेतली. पाचव्यांदा तिनं स्वतः खोळ केली. काकांनी नुसतं "हं" म्हटलं, आणि कलेक्शनचं कौतुक ऐकायला आलेली ती पोर त्या "हं"नं जी खुलली!

काकू चहा घेऊन आल्या. काका घोंगड्यातून बाहेर आले, चष्मा सापडला, चेहऱ्यावर नेहमीचं हसू परत आलं.

"आणि बाकीचे कपडे कसे वाटले, काका?"

"बाकीचे? वा! काहीतरी वेगळं केलंयस!"

पुतणीनं हळूच माझ्याकडे बघितलं. मी कपातल्या चहाकडे बघत होतो.